महिला गटातील पुरुष

खेळातील महिला गट हा बंदिस्त विभाग असून त्यात प्रवेश मिळवण्यासाठी खेळाडू महिला असावी लागते. अट वाचायला सोपी आहे. ती कोणी तपासायची, कशी तपासायची आणि एकदा तपासून झाल्यावर पुन्हा कधी तपासायची, याबाबत मात्र गेली साठ वर्षे एकमत झालेले नाही. दर वेळी नवी पद्धत आणणाऱ्यांनी ती शास्त्रशुद्ध आणि अखेरची असल्याचे जाहीर केले आहे.

हा गट लागतोच कशाला, याचे उत्तर घड्याळाने देऊन ठेवले आहे. शंभर मीटर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे आणि महिलांचा १०.४९ सेकंदांचा. आठशे मीटरमध्ये हे अंतर बारा सेकंदांच्या वर जाते. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हाडे, स्नायू आणि रक्त यांवर जे काम करते, ते पुढे औषधे घेऊनही पूर्णपणे पुसले जात नाही, असे उपलब्ध अभ्यासांतून दिसते. कुंपण नसते तर ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत एकही बाई दिसली नसती. तेव्हा कुंपण हवेच. वाद आहे तो राखणदारांचा.

राखणदारीची पहिली ठळक पद्धत १९६६ सालची. बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळासमोरून विवस्त्र चालत जावे लागले. खर्च शून्य आणि निकाल जागच्या जागी. दोन वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये गालाच्या आतल्या पेशी खरवडून गुणसूत्रे पाहण्याची सभ्य पद्धत आली आणि उत्तीर्ण महिलांना महिला असल्याचा दाखला मिळू लागला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरलेल्या ब्रिटनच्या राजकन्या ॲन यांना ही तपासणी माफ होती. राजघराण्यातील गुणसूत्रांची शहानिशा परस्पर झालेली असते, असे त्यामागचे शास्त्र असावे.

स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तीनेझ पातिन्यो हिच्याकडे राजघराणे नव्हते, पण १९८३ चा दाखला होता. १९८५ साली जपानमधील कोबे येथे विद्यापीठ स्पर्धेला जाताना तो घरी राहिला. दाखला घरी राहिल्यावर काय होते, हे तहसील कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको. पुन्हा तपासणी झाली आणि गुणसूत्रे एक्सवाय निघाली. तिच्या शरीरातल्या पेशी टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हत्या. म्हणजे ज्या संप्रेरकाच्या फायद्यासाठी तिला बाहेर काढले, त्याचा फायदा तिला अन्य कोणत्याही धावपटूपेक्षा कमीच होता. तिची शिष्यवृत्ती गेली, विक्रम खोडले गेले. १९८८ मध्ये तिला पुन्हा पात्र ठरवण्यात आले, तोवर धावण्याची उमेदीची वर्षे सरली होती.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिलांची तपासणी झाली. त्यांपैकी आठ जणी संशयित निघाल्या आणि आठही जणींना खेळू देण्यात आले. एवढ्या खटाटोपातून एकही तोतया पुरुष हाती न लागल्याने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये सरसकट तपासणी बंद केली. मग उरला संशय. संशयाला प्रयोगशाळा लागत नाही. आवाज, खांदे, जबडा आणि मागे पडलेल्या प्रतिस्पर्ध्याची नजर एवढ्यावर त्याचे भागते.

तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचे रौप्यपदक मिळवले आणि तपासणीनंतर गमावले. पुढे ती वीटभट्टीवर काम करताना देशाला दिसली. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळण्यात आले, कारण तिच्या शरीरात नैसर्गिकपणेच टेस्टोस्टेरॉन जास्त होते. ती लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने नियमच स्थगित केला: फायदा नेमका किती होतो, ते आधी सिद्ध करा. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने अभ्यास करून २०१८ मध्ये नवा नियम आणला. तो चारशे मीटरपासून एक मैलापर्यंतच्या शर्यतींना लागू होता. द्युती शंभर आणि दोनशे मीटर धावत होती. जिच्यामुळे नियम बदलला तिलाच तो लागू नव्हता, आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने या दोन्ही शर्यतींत रौप्य घेतले. नियमातील टेस्टोस्टेरॉनची मर्यादा आधी लिटरमागे दहा नॅनोमोल होती, मग पाच झाली, २०२३ मध्ये अडीच झाली आणि सगळ्या शर्यतींना लागली. त्याच वर्षी, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी महिलांना ॲथलेटिक्सच्या महिला गटाचे दार बंद झाले. अशी एकही खेळाडू आंतरराष्ट्रीय पातळीवर सध्या धावत नाही, हेही संघटनेनेच त्या वेळी सांगितले. निष्पक्षतेच्या बाजूने निर्णय योग्यच म्हणावा लागेल. फक्त, रिकाम्या खोलीला कुलूप लावण्याचा समारंभ फार मोठा झाला.

हा प्रश्न खेळापुरता नाही, आणि मध्य प्रदेशातील जबलपूरला तो परका नाही. विनोबांनी संस्कारधानी म्हटलेल्या या शहरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे आणि महिला गटात कोण बसू शकते, याचा निवाडा तेथे जागतिक ॲथलेटिक्सच्या या नियमांआधीच झाला आहे. गट खेळाचा नव्हता, महापौरपदाचा होता. नव्वदेक किलोमीटरवरचे कटनी १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होते. तेथील महापौरपद महिलांसाठी राखीव झाले आणि कटनीच्या मतदारांनी कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिले. दोन्ही मोठ्या पक्षांना कंटाळलेल्या गावाने केलेली ती थट्टा होती की निवड, यावर बरीच चर्चा झाली. मते मात्र खरी होती.

कमला जान यांची बाजू कागदावर भक्कम होती. तृतीयपंथी व्यक्तीने नोंदणीच्या वेळी स्वतःला जे म्हणवून घेतले असेल, त्यानुसार मतदार यादीत स्त्री किंवा पुरुष लिहावे, असे निवडणूक आयोगाने १९९४ मध्येच सांगितले होते. म्हणजे मत देताना स्त्री असायला सरकारची हरकत नव्हती. प्रश्न मत घेण्याचा निघाला. २००२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ठरवले की कमला जान कायद्याच्या दृष्टीने पुरुष आहेत आणि महिलांच्या जागेवर बसू शकत नाहीत. २००३ च्या सुरुवातीला जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अकरा वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे सांगण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा असल्याचा निर्णय दिला. तोवर कटनीत दुसरे महापौर येऊन गेले होते. कमला जान निवडून आल्या त्याच काळात तृतीयपंथी शबनम मौसी मध्य प्रदेशातल्याच सोहागपूरमधून खुल्या जागेवर आमदार झाल्या, त्यांना कोणी काही विचारले नाही. खुल्या गटात कोणीही चालते.

जबलपूरच्या निवाड्यामागचे तत्त्व चुकीचे नव्हते. महिलांची जागा महिलांनाच मिळावी, नाहीतर पुरुष तिच्यात घुसतील, ही भीती रास्त आहे. ती किती रास्त आहे, हे ऑगस्ट २०२२ मध्ये जबलपूरच्या शेजारच्याच दमोह जिल्ह्यात दिसले. गैसाबाद ग्रामपंचायतीत निवडून आल्या बायका आणि पदाची शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. ते पुरुष आहेत याविषयी कोणालाही शंका नव्हती. कोणाच्याही गालातल्या पेशी खरवडाव्या लागल्या नाहीत. गावात हार घातले गेले. चित्रफीत बाहेर फिरली, तेव्हा सचिवावर कारवाई झाली. सरपंचपती हे पद राज्यघटनेत नाही, पण उत्तरेत त्याची पाटी गाडीच्या नंबरप्लेटवर सापडते आणि महाराष्ट्रानेही या बाबतीत मागे राहिल्याचे ऐकिवात नाही. महिला गटात शिरू पाहणाऱ्या पुरुषाने नाव, वेश किंवा संप्रेरक बदलण्याची गरजच नाही. लग्न केले की पुरते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण अशा वेळीच सुचत असणार.

महाराष्ट्राकडेही स्वतःचा नमुना आहे. एक तरुणी नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत महिला गटातून लेखी आणि मैदानी चाचणी उत्तीर्ण झाली. वैद्यकीय तपासणीत गर्भाशय नसल्याचे आणि गुणसूत्र चाचणीनुसार ती पुरुष असल्याचे निघाले. हे तिलाही तेव्हाच कळले. मग तिला पुरुषांच्या यादीत घालण्यात आले आणि तेथील गुणांची रेषा वर असल्याने ती नापास ठरली. धाव एकच, गुण तेच, पण बाई म्हणून पास आणि पुरुष म्हणून नापास. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचा यात काडीचाही दोष नसल्याचे सांगितले आणि पोलीस खात्यात शिपाईपदाऐवजी अन्य पदावर तिला घेण्याचा मार्ग मोकळा झाला. चोर पकडण्यास अपात्र, चोरांची फाइल सांभाळण्यास पात्र, असा हा मध्यममार्ग होता.

कुंपण नेहमी बाईच्या संरक्षणासाठीच असते असेही नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होती आणि सुवर्णपदक चीनच्या झांग शानने जिंकले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा फक्त पुरुषांसाठी ठेवण्यात आली. विजेतीला पदक राखण्याची संधीच नव्हती. महिलांचे स्कीट सुरू झाले ते २००० मध्ये. जबलपूरचा खेळ तिरंदाजीचा. राज्याची तिरंदाजी अकादमी येथे आहे आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड सांघिक रौप्य जिंकणारी मुस्कान किरार याच शहराची. या प्रकारात बाई आणि पुरुष दोघेही पन्नास मीटरवरून त्याच आकाराच्या लक्ष्यावर बाण सोडतात. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुणांनी जिंकली आणि नागपूरचा ओजस देवतळे त्याच दिवशी १५० पैकी १५० गुणांनी. एका दिवसावरून शास्त्र ठरत नाही. पण जेथे फरक बारा सेकंदांचा आहे आणि जेथे एका गुणाचा, तेथे एकच मोजपट्टी लावू नये, एवढे समजायला समिती नेमावी लागू नये.

समित्यांमध्ये कोण बसते, हा या विषयाचा सर्वात कमी अभ्यासला गेलेला भाग आहे. महिला खेळाडूला जन्मदाखला, आधार आणि गरज पडल्यास रक्त द्यावे लागते. तिच्या निवड समितीत, प्रशिक्षकांत, संघासोबत विमानात बसणाऱ्या व्यवस्थापकांत आणि महासंघाच्या खुर्च्यांवर जे पुरुष असतात, त्यांच्यासाठी पात्रतेचा असा नियम नाही. डिसेंबर २०२२ पासून भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी पी. टी. उषा आहेत, हा ठळक अपवाद. त्यानंतर महिनाभराने साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्या कुस्तीगीर लैंगिक छळाचे आरोप घेऊन जंतरमंतरवर बसल्या. अंतर्गत तक्रार समिती नसल्याबद्दल राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मे २०२३ मध्ये अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा पाठवल्या. ही समिती सक्तीची करणारा कायदा २०१३ सालचा आहे. दहा वर्षांत महासंघांना ती नेमायला सवड झाली नव्हती. खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनची मर्यादा मात्र याच काळात दोनदा बदलून झाली.

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्सच्या महिला गटात उतरायचे तर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकाची तपासणी आवश्यक आहे. गालातून किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा आणि आयुष्यात एकदाच. ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये बंद केलेली सरसकट तपासणी अशी नव्या नावाने परतली आहे. हे जनुक १९९० मध्ये शोधणाऱ्या संशोधकांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच, केवळ त्यावरून स्त्री-पुरुष ठरवता येत नाही, असे लिहिले. संघटनेला ते पटले नाही. पातिन्योसारखी शरीररचना असलेल्यांसाठी मात्र नियमात अपवाद ठेवला आहे. 

दाखल्यांची फाइल घेऊन मुलीला स्पर्धेला नेणाऱ्या जबलपूरच्या, नाशिकच्या आणि कोठल्याही गावच्या पालकांनी परत येण्याआधी आयोजकांकडे एक कागद मागून घ्यावा: संघटनेच्या अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे, त्यात कायद्याप्रमाणे निम्म्या महिला आहेत का आणि अध्यक्ष महिला आहे का.