चार लिंबं

नवी गाडी घेतली तेव्हा इथे कॅनडात, मिसिसागाच्या डीलरच्या आवारात आम्ही यथासांग पूजा केली. हळदकुंकू, बॉनेटवर स्वस्तिक आणि चार चाकांखाली चार लिंबं. नारळ तेवढा घरी येऊन मागच्या डेकवर वाढवला. सेल्समन बिचारा अदबीनं बाजूला उभा होता. नवऱ्यानं गाडी हातभर पुढे घेतली, फच्च फच्च आवाज झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे लिंबांकडे बघत होतो. ती चिरडणाऱ्या टायरांकडे बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ही ऑक्टोबरातली गोष्ट. नोव्हेंबर लागला आणि मी विषय काढला, विंटर टायर घालायचे ना?

"नव्या गाडीला नवेकोरे टायर आहेत. त्यावर आणखी नवे टायर?"

हा सूर माझ्या ओळखीचा आहे. माळ्यावर रुखवतातले डबे पडून असताना नवे कशाला, हे आमच्या घरात याच सुरात विचारलं जातं. मग रात्री जेवणानंतर एक्सेल उघडलं गेलं. टायर आणि लोखंडी रिम मिळून 1,400 डॉलर. वर्षातून दोनदा चढवण्या-उतरवण्याची मजुरी. उतरवलेले चार ठेवायला गॅरेजातला कोपरा, म्हणजे तिथल्या सायकली बेसमेंटमध्ये. लाल अक्षरांत बेरीज झाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवण्यात आला.

याच गृहस्थांनी डीलरच्या फायनान्सच्या खोलीत रंगावरचा लेप, गंजरोधक फवारा आणि सीटवर चहा सांडला तर डाग न पडण्याची हमी, असं सगळं डोळे मिटून सह्या करून घेतलं होतं. आम्हाला चहा सांडण्याची भीती आहे, गाडी सांडण्याची नाही.

"पण टायर ऑल सीझन आहेत," हा पुढचा मुद्दा. ऑल सीझन म्हणजे बारमाही. आपल्याकडे 'बारमाही रस्ता' अशी पाटी असलेला रस्ता पहिल्या पावसात कुठे जातो, हे ज्यानं पाहिलंय त्यानं तरी या शब्दावर विसंबू नये. टायरच्या कडेला 'एम अधिक एस' अशी अक्षरं असतात, चिखल आणि बर्फ यांची. ती खाचांच्या रचनेवरून मिळतात, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा देऊन पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चित्र असतं. (बारा महिने चालणारे ऑल वेदर टायरही मिळतात आणि त्यांच्यावर हे चित्र असतं. ऑल सीझन वेगळे, ऑल वेदर वेगळे. ही नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय.)

खरी मेख रबरात आहे. पारा साधारण 7 अंशांच्या खाली उतरला की साधं रबर कडक व्हायला लागतं. खोबरेल तेलाची बाटली आठवा. जानेवारीत सकाळी उपडी करून थोपटली तरी थेंब येत नाही. तेल तेच, बाटली नवी, पण गोठलंय. विंटर टायरचं मिश्रणच असं असतं की ते थंडीत मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. त्या उघडतात-मिटतात आणि बर्फाला चावतात. म्हणजे प्रश्न बर्फाचा नंतर, आधी थंडीचा. कोरडा रस्ता आणि स्वच्छ ऊन असलं तरी उणे दहामध्ये नवेकोरे ऑल सीझन टायर गोठलेलं खोबरेलच.

यावर ब्रह्मास्त्र निघालं, "गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे!"

हे ब्रह्मास्त्र आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात आहे. पार्टीत पुरुष मंडळी समोशाच्या प्लेटा घेऊन त्यावर तासभर बोलू शकतात. चारही चाकांना जोर मिळतो, बर्फातून गाडी सुसाट निघते. निघते, मान्य. पण थांबताना? ब्रेक तर आपल्या मारुती 800 लाही चारी चाकांना होते. थांबण्याच्या बाबतीत हजारो डॉलर जास्त देऊन आपण मारुतीच्या पुढे गेलेलो नाही. उलट निघायला त्रास न झालेला माणूस जोरात जातो आणि रस्ता निसरडा आहे हे त्याला सिग्नलपाशी कळतं.

"सरकारला गरज वाटली असती तर कायदा केला असता," हेही ऐकून झालं. कायदा आहे, शेजारी. क्यूबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, पण तिथे नोंदवलेल्या गाड्यांना. आमच्या ओंटारियोत सक्ती नाही. त्यामुळे ओटावा आणि गॅटिनो या शहरांमधली नदी ओलांडली की एकाच पुलावर, एकाच बर्फात दोन प्रकारच्या गाड्या धावतात, कायद्यानं सुरक्षित आणि पाटीनं सुरक्षित. ओंटारियोनं आपल्या परीनं आमिष लावलंय. 2016 पासून इथल्या विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते. ही सवलत एक्सेलमध्ये नव्हती. हिवाळ्याचे चार महिने आधीचे टायर गॅरेजात आराम करतात, झिजत नाहीत, हेही नव्हतं. मी दोन्ही रकाने घातले. बेरीज लालच राहिली, पण जरा गुलाबी झाली.

निकाल मात्र एक्सेलनं लावला नाही. एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघालो. स्नो वगैरे काही नाही, रस्ता नुसता काळा, ओलसर दिसणारा. आमच्या गल्लीच्या टोकाला छोटा उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी स्टॉपची पाटी. नवऱ्यानं नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस टकटकटकटक वाजायला लागलं आणि गाडी अगदी शांतपणे, मिरवणुकीतल्या पालखीसारखी, पाटीच्या पुढे निघाली. चौकाच्या मधोमध थांबली. डावीकडून कुणी येत नव्हतं, एवढंच. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, स्टॉप मागे राहिला."

त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी तडजोडीचा प्रस्ताव आला. दोनच घेऊ या का, पुढचे? दुकानदारानं फोनवर सरळ नाही म्हणून सांगितलं. पुढची चाकं धरणार आणि मागची सुटणार, म्हणजे वळणावर गाडी स्वतःभोवती फुगडी घालणार. घालायचे तर चार.

आणि ते घालायला तारीख कधीची? पहिल्या स्नोचा अंदाज टीव्हीवर आला होता. धनत्रयोदशीला शिंप्याकडे ब्लाउजचं कापड घेऊन गेल्यावर तो जसा बघतो, तसा त्या दुकानदाराचा आवाज आला. तीन आठवडे थांबा. ते तीन आठवडे मी मुलीला बसनं नेलं.

आता टायर चढलेत. हवेचा दाब सांगणारे सेन्सर मात्र नव्या रिममध्ये बसवले नाहीत, 'तेवढी बचत तरी करू'. त्यामुळे डॅशबोर्डवर कढईत उद्गारचिन्ह ठेवल्यासारखा पिवळा दिवा मार्चपर्यंत जळत राहणार आहे. नवरा त्याच्याकडे बघत नाही. मी बघते.

रविवारी सासूबाईंना व्हिडिओवर टायर दाखवले. सांगलीहून त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि विचारलं, "लिंबं ठेवली होती का खाली?"

"नाही हो आई, टायरच बदललेत फक्त."

"मग? जुन्या टायरांना ठेवलेली या टायरांना कशी चालतील?"

नवऱ्यानं निमूट कोट चढवला आणि चार लिंबं आणायला गेला. बाहेर उणे अकरा होतं. परत आला तेव्हा हातात पाच होती. पाकिटात पाच मिळतात म्हणे, सुटी महाग पडत होती.