हुकमाले बापाचा गळा

आमच्या घरात हुकूम हिंदीत सुटतात आणि त्यांची टिंगल मराठीत होते. बाबांनी खाटेवरून "सब लोग ध्यान से सुनो" म्हटलं की समजायचं, सरकार बसलं. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, "काऊन बे, जेवला का?" हे त्यांचं रोजचं. पण सत्ता गाजवायची झाली की त्यांना पटवाऱ्याची भाषा लागते. त्यात त्यांचा दोष नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्याबरोबर सौसर, पांढुर्णा आणि आमचं मोहगावही. सोयरिकी नागपूरकडच्या, कागदपत्रं भोपाळची. ज्याच्या हातात शिक्का तो हिंदी बोलतो, हे बाबा लहानपणापासून पाहत आले. शिक्का काही मिळाला नाही, मग त्यांनी भाषा तेवढी उचलली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि आम्ही बसल्या जागी छिंदवाड्यातून पांढुर्ण्यात गेलो. त्या संध्याकाळी माझ्या धाकट्या भावानं विचारलं, "बाबा, जिल्हा बदलला. घरात काई फेरबदल?"

"हाये ना," बाबा म्हणाले. "तुही बदली झाली. उद्यापासून रातपाळीले मोटारीवर."

आमच्या गावचं शंकराचं देऊळ अर्धनारीश्वराचं. लांबलांबून लोक दर्शनाला येतात. बाबा दर सोमवारी न चुकता जातात, हात जोडतात आणि घरी येऊन पूर्ण सत्ता चालवायला बघतात. निम्मी आईकडे आहे, हे महादेवानं कधीच मान्य केलं. बाबांची फाईल अजून विचाराधीन आहे. आई हुकूम देत नाही. "मी आपली म्हणून राहिली" एवढंच म्हणते, आणि दिवस मावळायच्या आत ते काम झालेलं असतं. बाबांचा हुकूम मात्र आधी वाचला जातो, मग त्यावर चर्चा होते, उपसूचना येतात, आणि शेवटी आई जे म्हणून राहिली होती ते बाबांच्या नावानं मंजूर होतं.

धाकटा जिभेला तिखट. बाबा दुपारी आडवे पडून आम्हाला कामं सांगत होते, तेव्हा तो म्हणाला, "जामसावळीचा मारुती निजूनच आहे, पण लोकांची कामं करते. आमचे बाबा निजून लोकांकडून करून घेते." सौसरजवळचा तो निजलेला मारुती सगळ्या पंचक्रोशीचा देव. बाबा कुशीवरही वळले नाहीत. "मंग नवस बोल," म्हणाले. "पावतो का पाहू."

पोरं वाढवायचं बाबांचं शास्त्र संत्र्याच्या बगीच्यातून आलेलं. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड अर्धमेलं दिसतं, शेजारीपाजारी हळहळतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की अंगभर फुलं. याला ताण देणं म्हणतात. बाबांच्या मते जे झाडाला लागू, ते पोराला लागू. सायकल मागितली, ताण. मोबाइल मागितला, ताण. मी कॉलेजला नागपुरात खोली मागितली तेव्हा तर असा ताण बसला की पानगळच झाली. धाकट्यानं एकदा जेवताना शांतपणे विचारलं, "बाबा, ताण दिल्यावर पाणीबी देते म्हणतात. ते आमच्या बाबतीत कोणत्या महिन्यात हाये?"

बाबांनी ताटातली भाकर मोडली. "मुळं खोल गेली का पाहून राह्यलो," म्हणाले. "तुहं तोंडच खोल गेलेलं दिसते."

आता कारभार सगळा आमच्याकडे आला आहे. बाजाराचे भाव मी पाहतो, बगीच्याचा सौदा धाकटा करतो, खताचे पैसे फोनवरून जातात. बाबांच्या हातात नोटसुद्धा महिनोन्‌महिने येत नाही. एखादा बाप अशानं खचला असता. पण बँकेच्या खात्याला आणि सरकारच्या समग्र आयडीला मोबाइल नंबर जोडलेला आहे तो बाबांचा, आणि तो बदलायला ते तयार नाहीत. त्यामुळे कुठलाही व्यवहार शेवटी त्यांच्या खाटेशी येऊन थांबतो. "बाबा, ओटीपी आला असन." बाबा चष्मा शोधतात. चष्मा डोक्यावर असतो, हे आम्ही सांगायचं नाही. मग "कशाचा हाये?", "किती रुपयांचा?", "मांगच्या वर्षी कितीत झालं होतं?" अशी चौकशी बसते. ओटीपी दहा मिनिटं टिकतो आणि चौकशी बारा मिनिटं चालते. दुसरा ओटीपी मागवावा लागतो, तेव्हा बाबा समाधानानं म्हणतात, "पाह्यलं? बँकबी मले दोनदोनदा इचारते."

पण त्यांचा खरा प्राण चूक काढण्यात. सकाळी बगीच्यात एक फेरी मारायची आणि परत येऊन सांगायचं की आपण नसतो तर काय झालं असतं. मागे एका हंगामात सगळं फारच नीट चाललं होतं. ठिबकच्या नळ्या बदललेल्या, मोटार नवी, फळगळ कमी. बाबा फेरी मारून यायचे आणि गप्प बसायचे. जेवण कमी झालं. आईनं डॉक्टरचं नाव काढलं. तेव्हा धाकट्यानं डॉक्टरकडे न जाता बगीच्यात जाऊन एका नळीचं टोक ढिलं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबा परत आले ते तरातरा चालत. "गधेहो, पाणी धुऱ्याकडे चाल्लं! मी पाह्यलं म्हणून!" त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या. तेव्हापासून आम्ही दोघं आलटून पालटून काहीतरी बिघडवून ठेवतो. कधी कासऱ्याची गाठ सैल, कधी फाटक उघडं. औषधापेक्षा स्वस्त पडतं.

पोळा आला की मात्र सगळं उघड्यावर येतं. वर्षभर घरात चालणारी चकमक त्या दिवशी तोरणाखाली गावासमोर होते. बैलजोडी सजवलेली, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि बैलांच्या रांगेतून झडत्या सुटतात. झडतीला नातं नसतं. सावकार, सरपंच, सरकार, कोणालाही हाणावं. शेवटी "हर हर महादेव" म्हटलं की सगळं माफ. यंदा धाकटा पुढं झाला आणि बाबांकडे न पाहता ओरडला:

"सातपुड्याच्या खाली आमचा संत्र्याचा मळा,
राबाले पोट्टे अन् हुकमाले बापाचा गळा!"

तोरणाखाली हशा फुटला. ज्यांना पोरं होती ते बाबांकडे पाहू लागले आणि ज्यांना बाप होते ते धाकट्याकडे. बाबांनी बैलाच्या मानेवरची माळ सरळ केली, खाकरले, आणि वयाला न शोभणाऱ्या आवाजात:

"आमचा मळा म्हणते पोट्टं, आवाज त्याचा मोठा,
खसऱ्यावर नाव माह्यं, तुह्या नावे गोठा!"

हर हर महादेव झालं. गावानं निकाल दिला तो बापाच्या बाजूनं. धाकटा घरी येताना सगळ्यांना सांगत होता, "पाह्यलं का माह्या बापाले?" हरलेला माणूस इतका खूश मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडे पांढुर्ण्यात गोटमार. जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड चालवतं. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. धाकटा अठराचा असताना एकदा मित्रांबरोबर निघाला होता, चप्पल पायात होती. बाबा मराठीतच म्हणाले, "नाई." ना खाकरणं, ना ध्यान से सुनो. धाकट्यानं चप्पल काढली. त्या एका शब्दावर आजवर आमच्यापैकी कोणी विनोद केलेला नाही.

गोटमारीच्याच दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. माझा मुलगा लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागून आला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एक बातमी हाये. वीस रुपये."

धाकटाही तिथंच होता. दहा मी दिले, दहा त्यानं. बातमी अशी की सकाळी आजोबा बगीच्याकडे निघताना आजीला म्हणत होते, "आज फाटकाची पाळी दिसते. जाऊन ओरडून येतो. दोघंही कामं सोडून इतकी मेहनत करते, न ओरडलो तर बिचाऱ्यायले वाईट वाटन."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. किती वर्षं कोण कोणाचं मन राखत होतं, याचा हिशेब लागेना. शेवटी धाकट्यानं पुतण्याला दरडावलं, "हे आम्हाले समजलं म्हणून आजोबाले सांगायचं नाई. समजलं?"

"नाई सांगत," तो म्हणाला आणि खिसा दाबून बैल ओढू लागला. "तसेबी तुम्हाले सांगू नको म्हणून त्यायनं मले सकाळीच पन्नास देल्ले."