मिलिमीटरकाका

पाऊस पडतोय का, हे बघायला माणसं खिडकीबाहेर हात काढतात. आमच्या सोसायटीतले मिलिमीटरकाका खिशातून मोबाइल काढतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जगाच्या पावसाचं खातं त्यांच्याकडे आहे. "काल काय जोरात झाला हो!" असं कुणी म्हणालं, की काका चष्म्यावरून बघतात. "जोरात म्हणजे किती? ६४.५ मिलिमीटरच्या आत असेल तर तो मध्यम. अफवा पसरवू नका."

सकाळी साडेआठला त्यांना फोन करायचा नाही. पुण्यात हवामान खात्याच्या शिमला ऑफिसात त्या वेळी पर्जन्यमापक वाचतात, म्हणून काकाही गच्चीवर टाकीशेजारचा स्वतःचा मापक वाचतात. वहीत आकड्यापुढे शेरा असतो: 'मापकावर कबुतर. नोंद संशयास्पद.'

पण त्यांचा जीव गुंतलाय तो चारशेहून अधिक किलोमीटर वर. नासा आणि जपानच्या जाक्सानं २०१४ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर दोन फ्रिक्वेन्सींचं रडार आहे, हे ते जावयाचं पॅकेज सांगावं तसं सांगतात. रडार लहरी सोडतं आणि थेंबांवरून परतलेल्या मोजतं. "थेंबाचा व्यास दुप्पट झाला, की परतावा चौसष्टपट! आमच्या बँकेत नव्हती बुवा अशी स्कीम." या स्कीममध्येच गोम आहे. चार टपोरे थेंबही रडारला मोठा पाऊस वाटू शकतात.

मे महिन्यात एकदा ग्रुपवर त्यांचा संदेश आला: 'वीस मिनिटांत जोरदार. कपडे काढा.' मागोमाग दुरुस्ती: 'दोरीवरचे.' सगळ्या इमारतीनं ओले कपडे आत घेतले आणि आभाळातून टिपूसही आला नाही. रडारला वर दिसलेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरून जातात. काका ठाम होते. "पाऊस पडला. खाली पोचला नाही, त्याला मी काय करू?"

जुलैत ताम्हिणी घाटात गेलो, तेव्हा उलटं झालं. टपरीच्या प्लास्टिकला भोक होतं, त्याच्या नेमके खाली काका. नाकावरून धार, हातातल्या कांदाभज्यांची आमटी झालेली, आणि स्वारी मोबाइलवर अंगठा फिरवत म्हणते, "उपग्रहाच्या मते इथं किरकोळ आहे." ढगाचा माथा जितका थंड तितका पाऊस जास्त, असा इतर उपग्रहांच्या इन्फ्रारेड डोळ्यांचा अंदाज. सह्याद्रीतले बुटके, उबदार माथ्याचे ढग त्यांना हमखास चकवतात. मुंबईच्या रडारचा किरणही घाटापर्यंत येताना बराच वर गेलेला असतो, ढगाच्या तळमजल्यावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, मग जरा इकडे सरका."

लेक ह्यूस्टनला असते. दर अर्ध्या तासाचा, दहा-दहा किलोमीटरच्या चौकोनांतला जगाचा पाऊस काकांना घरबसल्या दिसतो, म्हणून ते तिला फोन करतात. "छत्री घे गं, तुमच्याकडे सुरू झालाय." पलीकडून जांभई येते. "बाबा, तो थांबून तीन तास झाले." उपग्रहांचा पहिला हिशेब यायलाच चारेक तास लागतात. जमिनीवरच्या मापकांशी ताडलेला पक्का आकडा तर साडेतीन महिन्यांनी. ताम्हिणीच्या भज्यांचा निकाल नोव्हेंबरात लागणार!

अशा वेळी काका मुंबईचा २६ जुलै २००५ काढतात. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. "एकाच शहरात! मग चौकोनाच्या सरासरीवर कसं भागेल?" आणि इथं मला त्यांचं पटतं. जगभरच्या ज्या पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र जमा होतात, त्या सगळ्यांची तोंडं शेजारी शेजारी मांडली, तर एका फुटबॉल मैदानात आरामात मावतील. उपग्रहाला जमिनीवरून साक्ष देणारे साक्षीदार इतके थोडे.

तेव्हा आपल्या गच्चीवर हातभर मोकळी जागा असेल तर कळवा. काका दुसरा मापक घेऊन बसलेत, आणि आमची सोसायटी आता परवानगी देत नाही.