पायरीबाईंस खुले पत्र

प्रति,
श्रीमती पायरीबाई,
मुक्काम : लंडनची भुयारी रेल्वे, जमिनीखाली कुठेही

स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही, असं आपण म्हणाल. बरोबरच आहे. जिच्या अंगावरून रोज लाखो माणसं जातात, तिने एकेकाचा चेहरा कुठे लक्षात ठेवायचा? पण माझी बाबागाडी तरी आठवत असेल. राखाडी रंगाची, पुढचं उजवं चाक वाकडं झालेली. ते वाकडं आपणच केलंत. गाडीत दोन वर्षांची चिमी, तिच्या मुठीत कुस्करलेलं केळं, दांडीला डायपरची पिशवी आणि मागून सासूबाईंचा आवाज : "अगं, कडेवर घे तिला. कशाला ती गाडीची उठाठेव?"

निघण्याआधी आम्हाला सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. विमान उतरताना मुलीला काहीतरी चोखायला दे, मेतकूट न्या, मऊ भातासाठी छोटा कुकर न्या, जूनमध्येही स्वेटर लागतो. आपल्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तसा त्यात त्यांचा दोष नाही. रिकाम्या हातांच्या माणसाला पायरी दिसतच नाही. त्याचे पाय तिला परस्पर निपटून टाकतात. तुम्ही दिसायला लागता त्या बारा किलोंच्या मुलीला गाडीसकट उचलायची वेळ आली की.

तुमचं घराणं मोठं, हे मान्य. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी रेल्वे लोकांसाठी सुरू झाली, तेव्हापासून आपण सेवेत आहात. एकशे साठ वर्षं उलटून गेली. या वयात आमच्याकडची माणसं थोडी नरम पडतात, सुनेशी बरं बोलायला लागतात. आपण आहात तशाच ताठ. १९११मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात सरकता जिना आला, तेव्हा वाटलं असेल, आता संपलं आपलं. पण आपण त्याच्या वर दोन, खाली चार अशा बसून राहिलात. आणि त्या सरकत्या जिन्यावरही बाबागाडी उघडी नेऊ नये, हा दंडक आहेच. मूल काढा, पिशव्या काढा, गाडी मिटा, मग या. तिसरा हात ज्याचा त्याने आणायचा. कुत्र्याला उचलून घ्या, अशी पाटीही तिथे असते. म्हणजे उचलून घेण्याच्या बाबतीत लंडनमध्ये श्वान आणि बालक समान आहेत. फक्त कुत्र्याला डायपरची पिशवी नसते.

आज तिथे २७२ स्थानकं आहेत आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत एकदाही आपलं दर्शन न घेता जाता येईल, अशी त्यांतली जेमतेम एक तृतीयांश. नकाशावर त्यांच्यापुढे चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असतं. निळ्या वर्तुळातली पांढरी खुर्ची म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीत. पांढऱ्या वर्तुळातली निळी खुर्ची म्हणजे फक्त फलाटापर्यंत. फलाट आणि गाडी यांच्यामध्ये आपली एखादी धाकटी बहीण उभी असणार. हा बारकावा मला आधी कळला नव्हता. कुणाला वाटेल, परदेशात लोक प्रेक्षणीय स्थळं बघून बेत आखतात. आम्ही निळी वर्तुळं बघून आखत होतो. पिकॅडिली सर्कसची गंमत बघायची तर ग्रीन पार्कला उतरून चालत जायचं. कॉव्हेंट गार्डनला आपण १९३ जणी गोल फेर धरून उभ्या आहात आणि ही चढण पंधरा मजली इमारतीएवढी आहे, अशी ताकीद प्रवाशांना दिली जाते. एवढा प्रामाणिकपणा! आमच्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कडेवर मूल असलेल्या शहाण्याने कॉव्हेंट गार्डनचीही चढू नये.

आता त्या प्रसंगाबद्दल. स्थानकाचं नाव घेत नाही, आपल्याला ठाऊक आहे. नकाशात निळं वर्तुळ होतं. उतरलो, तर लिफ्टच्या दाराला पिवळी पट्टी आणि गैरसोयीबद्दल दिलगिरीची पाटी. दिलगिरी सुंदर छापली होती. वेळ संध्याकाळी साडेपाचची. नवरा पुढे दोन बॅगा घेऊन गर्दीत दिसेनासा झालेला, सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी मोजत होत्या आणि मी गाडीची मागची दांडी धरून आपल्या चरणांशी उभी. एवढ्यात सुटाबुटातल्या एका गृहस्थाने कानातली वायर न काढता, माझ्याकडे न बघता, वाकून पुढची चाकं उचलली. आम्ही दोघं पालखीच्या भोयांसारखे वर गेलो. मधल्या टप्प्यावर चिमीने त्यांच्या बाहीला केळं पुसलं. वर पोचताच त्यांनी गाडी अलगद ठेवली आणि ते गेले. माझं 'थँक यू' त्यांच्या पाठीला लागून परत आलं.

सासूबाई म्हणाल्या, "बोलला नाही गं एक अक्षर."

खरं आहे. दादरच्या पुलावरही मला मदत मिळाली असती, लगेच मिळाली असती, पण सोबत शेराही मिळाला असता : "एवढ्या लहान मुलीला घेऊन गर्दीचं निघालात कशाला?" आणि पाठोपाठ मुलीचं वय, दात किती आले, टोपी का नाही. लंडनमध्ये प्रश्न नाहीत, नुसते हात. मला दोन्हींची सवय आहे आणि त्या दिवशी नुसते हातच बरे वाटले. मग आपली बाजू घेणारे म्हणतील, बघा, पायरीबाई माणसं जोडतात! धन्य. म्हणजे आपण पाय मोडायचे आणि कुबडी देणाऱ्याच्या भलेपणाचं श्रेयही आपणच घ्यायचं.

सगळ्यात मोठी कागाळी मात्र वेगळीच आहे. आपण माझी मुलगी फितवलीत. जिच्यासाठी मी हे सगळं उचलत होते, तिला आपण प्राणप्रिय आहात. गाडीतून उचलून कडेवर घेतलं की ती कमान होते आणि ओरडते, "मी! मी चलणाल!" मग एक हात भिंतीला, एक पाय वर, दुसरा पाय त्याच्या शेजारी, की थांबून टाळ्या. एक, दोन, चार, सात. पुन्हा खाली, कारण तीन राहिला. मागे अख्खं लंडन घड्याळाकडे बघत तुंबलेलं. इंग्रज माणसाने घसा किती हळू खाकरावा याची परिसीमा मी तिथे ऐकली.

नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तर आपण कहर केलात. आत शिरल्यावर डोक्यावर सव्वापंचवीस मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा. २०१७पासून तो तिथे टांगलेला आहे आणि त्याचं नाव आहे होप. मी बोट दाखवून म्हणतेय, "चिमे, बघ केवढा मासा!" चिमीने माशाकडे पाठ फिरवली आणि ती थेट समोरच्या भव्य जिन्याकडे धावली. त्या जिन्याच्या टप्प्यावर डार्विनसाहेब संगमरवरात बसले आहेत. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्याचे हात मोकळे झाले, मग त्याने हत्यारं केली, शेती केली, शहरं वसवली, आणि शहरात पायऱ्या बांधून मोकळ्या हातांत पुन्हा बाबागाडी दिली. चिमी पंचाहत्तर वेळा चढली-उतरली, मी मोजणं सोडून डार्विनच्या पायांशी बसून राहिले. म्युझियमला तिकीट नाही हे एक बरं. देवमाशाचे पैसे भरून पायऱ्या बघितल्या असत्या, तर घरी सांगायची सोय नव्हती.

आपल्याला चुकवायचं म्हणून मी बसची वाट धरली. लंडनच्या लाल बसला आता आत शिरताना पायरी नाही, दारातून एक फळी बाहेर येते, मधे खुर्चीसाठी मोकळी जागा. तिथे बाबागाडी लावावी, कुणी चाकाच्या खुर्चीवरून आलं की गाडी मिटून जागा द्यावी. ही जागा आकाशातून पडलेली नाही, हे पुढे वाचनात आलं. १९९०च्या दशकात अपंग माणसांनी तिथे रस्त्यावर उतरून बसना स्वतःला बेड्यांनी जखडून घेतलं होतं. १९९५मध्ये कायदा झाला. त्यांनी भांडून मिळवलेल्या जागेत आम्ही आया गाडी लावतो, आणि मूल झोपलंय म्हणून ती हलवायला नाखूष असतो. २०१२मध्ये यॉर्कशरच्या एका बसमध्ये असंच झालं, तिथे खुर्चीवरच्या गृहस्थाला बसमध्ये चढता आलं नाही. प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१७मध्ये न्यायालयाने सांगितलं, चालकाने एकदा विनंती करून गप्प बसायचं नाही. म्हणजे बसमधली पायरी टाळण्यासाठी त्या माणसाला कोर्टाची चढावी लागली. माझी चिमी दोन वर्षांत टुणटुण उड्या मारत आपल्यावरून जाईल आणि मी आपल्याला विसरूनही जाईन. त्यांना ती सोय नाही. म्हणून हे पत्र माझ्या एकटीच्या दुखऱ्या दंडाचं समजू नका.

पण बसमध्येही आपण होतातच! दुमजली बस, चिमीला वर पुढच्या खिडकीत बसायचं, आणि वर जायला कोण? तो अरुंद, वळणाचा, बस वळली की आम्हालाही वळवणारा जिना. गाडी खाली, मूल वर, आई मधे. सासूबाईंनी खालच्या मजल्यावर गाडीची राखण केली आणि शेजारच्या बाईंना मराठीतून आमची सगळी हकीकत सांगितली. त्या बाई मान डोलावत होत्या.

घरीही सुटका नव्हती. भाड्याने घेतलेली जागा 'व्हिक्टोरियन, मोहक, तिसऱ्या मजल्यावर' होती. मोहक म्हणजे लिफ्ट नाही, हे आता मला पाठ आहे. उन्हाळ्यात लंडन आमच्याहून साडेचार तास मागे. मुंबईत सकाळचे साडेसात वाजले की चिमी उठते. तिथे ते पहाटेचे तीन. पहाटे तीन वाजता तिला जिना आठवे. लाकडी, गालिचा घातलेला, पाचव्या पायरीला करकरणारा. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना त्या पाचवीचा आवाज जन्मात विसरता येणार नाही.

आपल्या विरोधात कुणीच उभं राहिलं नाही, असं नाही. एक आजोबा राहिले. ओवेन मॅक्लारेन नावाचे वैमानिकी अभियंता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. त्यांची लेक मॉस्कोहून नातवंडाला घेऊन माहेरी आली, ती जडशीळ बाबागाडीसकट. तिची ओढाताण बघून त्यांनी विमानाची अक्कल लावली आणि १९६५मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली, वजन पावणेतीन किलोंच्या आसपास. आज जगभर लोक जी मिटवून काखोटीला मारतात, तिचा हा मूळपुरुष. त्या माणसाला लेकीचे हाल दिसले. रेल्वेला दिसायला २४ मे २०२२ उजाडला. त्या दिवशी एलिझाबेथ लाइन सुरू झाली. तिच्या ४१च्या ४१ स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी आडवी येत नाही. आपल्या घराण्याला केवढा कलंक! मी त्या गाडीत चढले तेव्हा उगाचच एक फेरी जास्त मारली.

आणि तरी, पायरीबाई, आमचं वैर जन्मजात नाही. पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. तिच्यावर आम्ही पाय देत नाही, हात लावून तो कपाळाला लावतो. लंडनमध्येही सासूबाईंनी तसं एकदाच केलं. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर राहायचे ते घर. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. वरच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यापाशी त्या वाकल्या, पहिल्या पायरीला हात लावला आणि गुडघ्यांचं नाव न काढता वर गेल्या. चिमीला मी कडेवर घेतलं होतं. ती तिथेही "मी, मी" म्हणत होती. तिथे मी तिला खाली ठेवलं.

तेव्हा मागणी फार नाही. लिफ्ट बंद असेल तर ती पाटी खाली फलाटावर न लावता आम्ही गाडीत बसतो तिथे लावा. एवढं आपल्या वरिष्ठांच्या कानावर घाला. आणि आपले पॅरिसचे नातेवाईक, मोंमार्त्रच्या टेकडीखाली, अबेस स्थानकात ३६ मीटर खोल गोल गोल उभे असतात, त्यांनाही निरोप द्या. पुढचा मुक्काम तिकडेच आहे. तिथली १९९८ची १४ क्रमांकाची मार्गिका तेवढी पूर्ण बिनपायऱ्यांची आहे, असं समजलं. आम्ही हॉटेल तिच्याच काठावर घेतलं आहे. आयफेल टॉवर तिच्यावर नाही, तर नाही.

कळावे. लोभ आहेच, तो जरा कमी व्हावा, ही विनंती.

आपली,
बाबागाडीच्या मागच्या दांडीवरची

ता. क. : वाकड्या चाकाची भरपाई मागणार होते. पण गाडी आता सरळ जात नाही, डावीकडे वळते, आणि चिमीला तेच जास्त आवडतं. तेव्हा राहू द्या.