समाज बिघडल्याचा दाखला

निवृत्तिवेतन घेणारा माणूस दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला देतो. तो वर्षातून एकदाच मागतात. समाज बिघडल्याचा दाखला मात्र आम्ही ज्येष्ठ नागरिक रोज सकाळी बागेतल्या बाकावर बसून, कोणी न मागता आणि विनामूल्य देतो. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती आणि ती संख्या वाढतेच आहे. तेव्हा या दाखल्यांचा तुटवडा पडण्याची भीती नाही. विषयही ठरलेले असतात : लग्नाआधीच्या फोटोंसाठी किल्ल्यावर जाणारी जोडपी, लग्नच न करता राहणारी जोडपी, घरात धडधाकट स्वयंपाकघर असताना दारात उभा राहणारा डिलिव्हरीवाला, अमेरिकेचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे अध्यक्ष. सगळ्यांवर निकाल एकच, ‘बिघडलं!’ मी याच बाकावरचा सभासद असल्यामुळे या निकालाबद्दल मला आदर आहे. पण आदर वेगळा आणि पुरावा वेगळा. पुरावा पाहिला तर असं दिसतं की समाजाचं पुढे काय होणार याबद्दल वडीलधाऱ्यांनी दिलेले निकाल वारंवार खोटे ठरले, आणि डोळ्यांसमोरच्या अडचणींबद्दल त्यांनी केलेल्या तक्रारी बहुधा खऱ्या निघाल्या. आमचं दुर्दैव असं की निकाल आम्ही मोठ्याने देतो आणि तक्रार मात्र गिळून टाकतो.

आधी निकालांचं दप्तर उघडू. १८९०मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. पुढे गोपाळराव जोशी या गृहस्थांच्या कृपेने उपस्थितांची नावं छापून आली आणि पुण्यात जातिबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं त्यांच्यावर सुधारक रागावले आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यावर बाकीचे. चहाने धर्म बुडणार, हा त्या काळच्या जाणत्यांचा ठाम निकाल होता. आज कपभर चहा पोटात गेल्याशिवाय धर्म बुडाल्याची चर्चासुद्धा सुरू होत नाही. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कर्व्यांनी गावाशी हुज्जत न घालता काम केलं आणि भरपूर जगले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. समाजाचा निकाल चुकला हे समाजाच्याच तोंडून ऐकायचं असेल तर प्रकृती किती ठणठणीत लागते, याचा एवढा चांगला दाखला दुसरा नाही. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९५२मध्ये तोच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारने स्वतःच्या खर्चाने हाती घेतला. वडिलांना शंभरी गाठावी लागली, मुलाचं तीस वर्षांत भागलं. म्हणजे चुकीचा निकाल फिरवण्याच्या बाबतीत तरी समाजाने थोडी घाई शिकून घेतली म्हणायची.

यावर बाकावरून पहिला आक्षेप येतो तो असा : ‘ते सनातनी होते हो, आम्ही तसे नाही. आम्ही पुरोगामी आहोत, म्हणून तर आमचं म्हणणं गंभीरपणे घ्या.’ हरकत नाही, घेऊ. आज जो सत्तरीच्या आगेमागे आहे तो ‘बॉबी’ आला त्या १९७३ साली ऐन कॉलेजात होता. कानावर केस, मनगटाएवढी रुंद कॉलर आणि खाली बेलबॉटम. त्या एका पायाच्या घेरात आजच्या नातवाची अख्खी पँट शिवून झाली असती, आणि तीही न फाटलेली. त्याच्या वडिलांनी तेव्हाच जाहीर केलं होतं की ही पिढी हाताबाहेर गेली. आदल्या वर्षी ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आलं, तेव्हा ते थांबवण्यासाठी काय काय झालं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात कसं भांडावं लागलं, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. संस्कृतीचा अंत तेव्हा महिन्या-दोन महिन्यांवर येऊन ठेपला होता. मग हाताबाहेर गेलेली ती पिढी बँकेत, एलआयसीत, शाळांत आणि कारखान्यांत नोकऱ्या करून, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर फेडून निवृत्त झाली आणि आता बाकावर बसून पुढची पिढी हाताबाहेर गेल्याचं सांगते आहे. पिढ्या हाताबाहेर जातात यात काही वाद नाही. फक्त त्या जाऊन पोचतात त्याच बाकावर.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. ‘आमच्या वेळी सोनं दोनशे रुपये तोळा होतं!’ खरं आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी दहा ग्रॅम सोन्याचा भाव दोनशेच्या आसपासच होता. पण ते एवढं स्वस्त होतं तर घरोघर किलोकिलोने का घेऊन ठेवलं नाही, हा प्रश्न सुना विचारत नाहीत, कारण त्या सुसंस्कृत आहेत. उत्तर सोपं आहे : सोनं दोनशे होतं तेव्हा महिन्याचा पगारही तेवढाच किंवा त्याच्या थोडा पुढेमागे होता. ज्या थोड्यांचा पगार फारच पुढे होता त्यांच्या कमाईच्या शेवटच्या टप्प्यावर १९७३-७४मध्ये अधिभार धरून ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. शंभर रुपये जास्त मिळवले तर हातात सव्वादोन रुपये राहत. टेलिफोनसाठी अर्ज केला की तो येईपर्यंत मूल शाळेत जाऊ लागे, गॅसची पाळी येईपर्यंत स्टोव्हच्या पिना संपत. ‘पूर्वी म्हातारी माणसं किती सुखी असत’ हेही नेहमीचं वाक्य. १९५१च्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. त्या बत्तीशीत बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे मान्य. तरी पूर्वी ज्येष्ठ नागरिक संघ फारसे का नव्हते, याचं एक कारण सभासद मिळणं अवघड होतं हेही आहे. राहता राहिलं एकत्र कुटुंब. त्याच्या गोडव्याबद्दल आजोबांना विचारलं तर अर्धा तास ऐकावं लागतं. आजीला विचारलं तर ती आधी आजूबाजूला पाहते. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०मध्ये प्रसिद्ध केल्या. शिकते म्हणून घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना काय सोसायला लावलं, ते त्यात आहे. न्यायमूर्तींच्या घरी ही तऱ्हा, तर बाकीच्यांची कल्पना करावी.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल : ‘काही भाकितं खरी ठरलीच ना? नद्या नासतील, डोंगर ढासळतील, मराठी शाळा ओस पडतील, हे आम्ही सांगत नव्हतो?’ सांगत होतात. आणि इथेच मुद्द्याची गोम आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, तेव्हा तेही साठीच्या पुढे होते. म्हणजे ज्येष्ठ नागरिकच. पण त्यांनी ‘हल्लीच्या लोकांना निसर्गाची चाड नाही’ असं म्हणून चष्मा पुसला नाही. कुठल्या तालुक्यात काय आहे, कुठे खाण नको आणि कुठे बांधकाम नको, असं ठिकाण दाखवून सांगितलं. आम्हीही जेव्हा ‘या ओढ्याला पूर्वी मार्चपर्यंत पाणी असे’ असं सांगतो तेव्हा ती साक्ष असते आणि ती बहुधा खरी असते. ‘माणसातली माणुसकी आटली’ म्हणतो तेव्हा मात्र माप कुठल्या पट्टीने घेतलं ते आम्हालाही सांगता येत नाही. मराठी शाळांचं दुःख तर अधिकच नाजूक. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या बाकावर पेढे वाटले गेले. पण त्या बाकावरच्या किती जणांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली होती, याची शिरगणती करण्याचा ठराव कोणी मांडला नाही. भाषा बिघडवणारी तरुण पिढी त्या शाळेत स्वतःच्या पायांनी चालत गेली नव्हती. तिला हाताला धरून फाटकापर्यंत सोडणारं कोणीतरी होतं.

आता तक्रारीची ताकद पाहा. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यामुळे हयातीच्या डिजिटल दाखल्याला अंगठा लावला की यंत्र ‘हा माणूस तो नव्हेच’ म्हणायचं. यावर ‘यंत्रयुगाने माणसाची ओळख हिरावली’ असा लेख लिहिता आला असता. पण खरी तक्रार एवढीच होती की ठसा उमटत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. दुसरं उदाहरण सिग्नलचं. पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं धरून अभियंते सिग्नलचा वेळ आखतात. म्हणजे बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार. हा वेग ‘बॉबी’च्या तिकिटासाठी पळताना आमचा जरूर होता, पण आता गुडघ्यांचं म्हणणं वेगळं आहे. फुटपाथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावा असा भारतीय रस्ते परिषदेचा दंडक आहे. आमच्या शहरांत काही फुटपाथ असे आहेत की चढण्यासाठी गिर्यारोहण संस्थेचं सभासदत्व लागावं. रेल्वे पुरुषांना साठीपासून ४० टक्के आणि स्त्रियांना अठ्ठावन्नपासून ५० टक्के सवलत देत असे. मार्च २०२०मध्ये ती थांबली आणि करोनाची साथ ओसरल्यावरही परत आली नाही. उलट राज्य सरकारने ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. या प्रत्येक गोष्टीत आकडा आहे, तारीख आहे, जबाबदार खातं आहे. आणि या विषयात आमच्या गुडघ्यांइतका अधिकारी तज्ज्ञ देशात दुसरा नाही. पण बाकावर यांतलं काही निघालं की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतं, ‘अहो, लोकांना शिस्तच राहिली नाही,’ आणि फुटपाथ आहे तेवढाच उंच राहतो.

शेवटचा आक्षेप रागाचा असतो : ‘म्हणजे आम्ही राजकारणावर, समाजावर बोलूच नये? नुसतं फुटपाथ-फुटपाथ करत बसावं?’ तसं मुळीच नाही. मोरारजी देसाई १९७७मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. वय झालं म्हणून देशाच्या गोष्टीतून अंग काढून घेण्याची परंपरा आपल्याकडे नाही. बोलावं, भांडावं, मत तर जरूर द्यावं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की १९८९पासून अठरा वर्षांच्या पोरालाही मत आहे आणि ते मोजताना आपल्या मताइतकंच मोजतात. अनुभवाचं वजन म्हणून पेटीत जादा मत पडत नाही. तरुणांची भाकितंही चुकतातच, पण त्यांना ती निस्तरायला वेळ असतो. आमच्याकडे तेवढा शिल्लक नाही, म्हणून तो नेमक्या जागी खर्च करावा. तेव्हा बाकावरच्या माझ्या मित्रांना एक नम्र सूचना आहे. दररोज समाजाबद्दल हवे तेवढे निकाल द्या, पण त्याबरोबर एक तक्रार रीतसर कागदावर उतरवा : ठिकाण, तारीख, काय अडतं आणि कोणी दुरुस्त करायचं. खाली सही करा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या. समाज सुधारायला किती वर्षं लागतील ते कोणालाच माहीत नाही. फुटपाथ मात्र आपल्या हयातीत उतरवून घेता येतो.