ट्रॉली उचलणारं तेल

झरी जामणी तालुक्यातला एखादा पोरगा किंवा पोरगी म्हणाली, 'मला विमानाचं शिकायचं आहे', की घरात एकच शब्द उमटतो: पायलट. मग खर्चाचा आकडा येतो आणि विषय तिथंच मिटतो. गुरुजीही पुढे काही बोलत नाहीत. एका विमानाला पायलट दोन लागतात, पण ते उडण्याजोगं ठेवायला किती हात लागतात, हे त्या पोराला कुणी सांगतच नाही.

त्या हातांचं काम समजायचं तर रेतीची ट्रॉली रिकामी होताना जरा थांबून बघा. लिव्हर ओढला की पंप तेलाला दाब देतो, तेल नळीतून सिलिंडरमध्ये शिरतं, चकचकीत दांडा बाहेर सरकतो आणि अख्खी ट्रॉली मागे कलते. बोइंग 777 ची चाकं पोटात घेणारं तंत्रही हेच. तिथं दाब चौरस इंचाला 3000 पौंड असतो. आणि एक यंत्रणा दगावली तरी विमान हाती राहावं म्हणून डावी, मधली, उजवी अशा तीन वेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा असतात. नियम पास्कलचाच: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. आपल्या बोर्डाच्या बारावी फिजिक्समध्ये दुसऱ्याच धड्यात तो आहे. मुलं तो पाठ करतात, पण अंगणातल्या ट्रॅक्टरपाशी नेऊन त्यांना तो दाखवत कुणी नाही. याचा मला राग येतो.

आता पैसे भरण्याआधीची गोष्ट. पदवी वेगळी आणि लायसन्स वेगळं. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा बी.टेक. झालेला मुलगा पंख आखेल, भाराचं गणित मांडेल, संशोधनात जाईल. पण दुरुस्त झालेलं विमान उड्डाणास योग्य आहे, अशी सही तो करू शकत नाही. ती सही डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स असलेल्या इंजिनिअरची. त्या लायसन्सच्या परीक्षेत 75 टक्क्यांना पास, 74 ला नापास. शिवाय मान्यताप्राप्त कोर्स करूनही चालू विमानांवर दोन वर्षं प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. रंगीत जाहिरातीत 'एव्हिएशन' एवढाच शब्द मोठा छापतात. म्हणून विचारा: संस्थेला डीजीसीएची सीएआर-147 (विमान देखभालीच्या प्रशिक्षणाची) मान्यता आहे का, लायसन्सच्या कोणत्या गटासाठी, आणि विमानावरचा सराव कुठे देणार? उत्तर लेखी मागा. देत नसतील तर उठा आणि घरी या.

हे सगळं दूरदेशी नाही. पांढरकवड्यावरून जाणारा हमरस्ता नागपूरला पोचतो. तिथं विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात 2015 पासून मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा तळ आहे; शेजारीच डॅसो या फ्रेंच कंपनीच्या फाल्कन विमानांचे भाग बनतात. नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये डॅसोच्या मदतीनं विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड सुरू झाला. म्हणजे बारावीचं गणित जड गेलं तरी दार पुरतं बंद होत नाही. आपल्या कोलाम आणि गोंड पोरांच्या हाताला यंत्राची भीती नाही. अडतं ते इंग्रजीत. डीजीसीएचे पेपर इंग्रजीत असतात, आणि आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला 'प्रेशर' समजतं, पण प्रश्नाचं वाक्य समजत नाही. यावर वर्षभराचा वर्ग लागतो. एका दिवसाच्या मार्गदर्शन मेळाव्यानं भागत नाही.

पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला माझी विनंती आहे. तालुक्यातल्या अकरावी सायन्सच्या मुलामुलींची एक बस मिहानला न्या. परवानगी काढा, विमानाखाली उभं करा, चाकाच्या खोबणीतल्या त्या नळ्या त्यांना दाखवा. आणि गुरुजी, त्याआधी एका दुपारी वर्ग ट्रॅक्टरपाशी भरवा.