लाटेसाठी स्थळ पाहणे

सातिवलीतून समुद्र दिसत नाही. मागे तुंगारेश्वरचा डोंगर, पुढे हायवे, मध्ये गाळेच गाळे. पश्चिमेला निघालं तर रेल्वेचे रूळ, इमारतींची दाटी आणि मग जुन्या वसईतल्या केळीच्या वाड्या, एवढं सगळं ओलांडल्यावर कुठे खारं पाणी लागतं. तरी 'आम्ही वसईला राहतो' म्हटलं की पुण्याकडचे नातेवाईक लगेच म्हणतात, "वा, म्हणजे बीच जवळच!" आम्ही नाकारत नाही. फुकट मिळणारा मान परत करण्याची पद्धत पूर्वेकडे नाही.

हा मान माझ्या भाचीने जरा जास्तच मनावर घेतला. दिवाळीच्या रजेत परदेशी जाऊन सर्फिंग शिकायचं, असं तिने आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी ठरवलं. कुठे, ते तेवढं ठरायचं होतं. त्यामुळे पुढचे काही आठवडे उपवर मुलीला स्थळं सांगून यावीत तसे आमच्या घरात किनारे येत राहिले. फोटो सगळ्यांचेच देखणे. पाणी निळं, वाळू पांढरी, मावळतीचा सूर्य अगदी मुद्दाम बसवल्यासारखा. बहिणीने खर्च विचारला, आईने 'तिथली माणसं कशी आहेत' ते विचारलं. लाट कशी आहे, हे मात्र कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. जिच्याशी गाठ पडायची तिची चौकशी शेवटी करायची, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

पहिलं आलं पोर्तुगाल. वसईच्या माणसाला हे घर अगदीच अनोळखी नाही. १५३४ पासून दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज इथे होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा ते गेले. आईला शंका आली, "किल्ला आपण काढून घेतलाय त्यांचा. व्हिसा देतील का ते?" भाची म्हणाली, "आजी, व्हिसाचं मी बघते, तू लाट बघ." आणि तिने नाझारेचा व्हिडिओ लावला.

नाझारेच्या त्या लाटेपुढे आमच्या घरात प्रथमच शांतता पसरली. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन श्टॉइटनर नावाचा जर्मन गडी तिथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवरून घसरत खाली आला. आमची इमारत सात मजली आहे. तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धरली तरी ही लाट वरून गेली असती. तारीखही अशी की नेमकी भाचीच्या रजेच्या आसपासची. कारण नाझारेच्या मोठ्या लाटांचा हंगाम ऑक्टोबरातच सुरू होतो.

एवढी लाट तिथेच का, आणि आमच्या सुरुचीबागेच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर पाणी गुडघ्याशी येऊन परत का जातं, ह्याचं उत्तर पाण्यात नसून पाण्याखाली आहे. नाझारेच्या समोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे. ती खोल अटलांटिकमध्ये पाच किलोमीटरपर्यंत खाली जाते आणि किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन थांबते. दूरवरून आलेली लाट त्या घळीतून आपलं बळ जराही न गमावता थेट दाराशी पोचते. आपल्याकडे उलट. शाळेच्या भूगोलात 'समुद्रबूड जमीन' नावाची गोष्ट होती, ती मुंबईसमोर तीनशे किलोमीटरांच्या आसपास पसरली आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, आणि तिथेही पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर. एवढ्या लांबीच्या उथळ ओसरीवरून पाय घासत आलेली लाट दारात येईतो थकून जाते. पावसाळ्यात ती उसळते खरी. पण तेव्हा वारा समुद्राकडून, पाणी गढूळ, लाटांना ना क्रम ना शिस्त, आणि किनाऱ्यावर बंदीचा फलक घेऊन पोलीस उभे.

भाची ह्या भूगोलाने मुळीच खचली नाही. तिच्या फोनमध्ये एक ॲप होतं. त्यात प्रत्येक किनाऱ्यापुढे लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा आणि भरतीची वेळ असे आकडे यायचे. उंची सगळ्यांना कळते. सेकंदांची गंमत मला नंतर कळली. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सात सेकंदांनी एकामागून एक येतात, नुसती धक्काबुक्की. हजारो किलोमीटरांवरच्या वादळातून निघालेल्या लाटा वाटेत एकमेकींपासून सुट्या होत चौदा-पंधरा सेकंदांच्या अंतराने, ऐटीत येतात. वॉल्टर मुंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत यंत्रं मांडून दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा उत्तरेत पोचताना मोजल्या होत्या. पंधरा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी बेचाळीसेक किलोमीटरने चालतो. दक्षिण ध्रुवाकडे वादळ झालं की चार-पाच दिवसांनी बालीत लोक फळ्या घेऊन धावतात. ताशी बेचाळीस! घोडबंदरवरून हायवेने घरी येणाऱ्या माणसाने ह्या आकड्यावर अंमळ थांबून हेवा करावा.

बालीचं स्थळ मैत्रिणींना फार पसंत होतं. त्यातही उलुवाटू. कड्यावर देऊळ, खाली गुहा, गुहेतून समुद्रात उतरायचं आणि समोर ती जगप्रसिद्ध लाट. १९७२ च्या 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' ह्या चित्रपटाने ती जगाला दाखवली, तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. मालदीवचंही एक आलं होतं. थुलुसधू बेटावरच्या लाटेचं नाव 'कोक्स', कारण शेजारी कोका-कोलाचा कारखाना. औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या माणसाला हे वाचून आपुलकी वाटली. कारखान्याच्या नावाने लाट असू शकते, तर उद्या सातिवलीचंही काही होईल. मालदीवला भारतीयांना उतरल्यावर फुकट व्हिसा मिळतो, ही बहिणीच्या दृष्टीने स्थळाची सर्वात जमेची बाजू.

अशा वेळी मी अर्नाळ्याला गेलो. तिथे माझ्या ओळखीचे एक वयस्कर तांडेल आहेत. आता होडीवर जात नाहीत, किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांना मी फोनवर सर्फिंग दाखवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं.

"पडला की काय करतो?"

"परत आत जातो."

"मासळी वगैरे?"

"नाही."

"मग जातो कशाला?"

ह्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच सर्फिंग शाळेत उत्तर मिळणार नाही. तांडेल थोडा वेळ जाळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आम्ही जन्मभर लाट चुकवली, भाऊ. फुटणारी लाट होडीच्या कुशीवर आली की खेळ संपला. ही पोरं तीच शोधत जातात." आणि मग, जणू स्वतःच्याच पोरीला पाठवायचं असावं तशी, त्यांनी चौकशी सुरू केली. तळ कसला आहे, रेती की खडक? वारा सकाळी कुठला असतो? ओढ कुठल्या बाजूला? कुठल्या तिथीला जाणार?

मी थक्क झालो. भाचीच्या ॲपमधले सगळे रकाने त्यांनी जाळ्यावरची नजर न काढता भरून मागितले. सर्फिंगवाले पहाटे पाचला उठतात ते मतलई वाऱ्यासाठी. रात्री जमीन निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, येणाऱ्या लाटेला समोरून तोलून धरतो. लाट गुळगुळीत राहते आणि उशिरा फुटते. दुपारी खारे वारे सुटले की तीच लाट विस्कटते. तांडेल ह्याच मतलईवर होडी बाहेर काढत आले. भरतीसाठी त्यांना ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाण आणि भांग ह्यांचा हिशेब त्यांच्या बोटांवर. दोघांचा अभ्यासक्रम एकच; एक पास झाला की लाटेपासून लांब जातो, दुसरा लाटेत जातो, एवढाच फरक.

आणि हा फरकही मिटू शकतो. चेन्नईजवळच्या कोवलमचे मूर्ती मेगवन मूळचे मासेमार. त्यांनी गावातल्या कोळ्यांच्या पोरांना फळीवर उभं केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, तिच्यात भारताच्या रमेश बुदिहालने कांस्यपदक घेतलं. मुंबईच्या इशिता मालवीयने २००७ मध्ये उडुपीजवळच्या कोडी बेंगरे ह्या मच्छीमारांच्या गावात सर्फिंग क्लब काढला. त्याआधीपासून मुल्कीला एका आश्रमात सर्फिंग शिकवतात. सकाळी भजन, मग लाट. हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा बहीण म्हणाली, "मग परदेश कशाला? मुल्कीला जा, कोकण रेल्वेने." भाचीने तिच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. रजेच्या फोटोत पासपोर्ट दिसला पाहिजे, हे अलीकडच्या लाटांचं एक अंग आहे, त्यावर वाद नको.

मग मी तांडेलांचे प्रश्न तिच्या यादीला लावले. तळ हा पहिलाच प्रश्न आणि त्यानेच अर्धी यादी गळाली. उलुवाटू, कोक्स, दोन्हीकडे लाट प्रवाळावर फुटते. प्रवाळ हलत नाही म्हणून लाट रोज त्याच जागी, तशीच फुटते, आणि म्हणूनच कसलेले लोक तिच्यावर जीव टाकतात. पण साधारणपणे लाट तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते. माणसाच्या उंचीच्या लाटेवरून पडणाऱ्याच्या खाली जेमतेम सव्वा पुरुष पाणी आणि त्याखाली धारदार प्रवाळ. शिकणाऱ्याचं मुख्य काम पडणं. ते जिथे निवांत करता येईल तोच त्याचा किनारा. बालीत कुटाचा किनारा रेतीचा आहे, शिकायला चांगला. पण बालीच्या पश्चिमेचा उत्तम काळ एप्रिल ते ऑक्टोबर. नंतर वारे फिरतात, पाऊस लागतो आणि लाटांबरोबर प्लॅस्टिकही येऊ लागतं. प्लॅस्टिक पाहायला वसई-विरारच्या माणसाने विमानाचं तिकीट काढणं शोभत नाही.

नाझारे व्हिडिओतच बरं. उरलं यादीतलं शेवटचं स्थळ, श्रीलंका. ह्या देशाची मजा अशी की आपलाच मोसमी पाऊस तिथला हंगाम हलवतो. आपल्याकडे छत्र्या उघडल्या की दक्षिण किनारा खवळतो आणि पूर्वेचा अरुगम बे सुरू होतो. आपल्याकडे आकाशकंदील लागले की अरुगम बे मिटतो आणि दक्षिणेला वेलिगम, मिरिस्सा, हिक्कडुवा उघडतात, ते थेट एप्रिलपर्यंत. वेलिगमचा उपसागर अर्धचंद्रासारखा, तळ रेतीचा, लाट कमरेएवढी. फोटोत पाहण्यासारखं विशेष काही नाही. कसलेले सर्फर त्याला नाक मुरडतात, ही माझ्या मते त्या किनाऱ्याची सर्वात मोठी शिफारस. तांडेलांना कळवलं. म्हणाले, "रेती आहे ना? मग पडू दे."

भाचीचा चेहरा उतरला होता. त्यात एका मैत्रिणीने शोधून काढलं की पहिले काही दिवस लाटेवर नेतच नाहीत. लाट फुटल्यावर जो पांढरा फेस उरतो, त्यातच फळीवर उभं राहायला शिकवतात. म्हणजे दीड हजार किलोमीटर उडून जायचं ते फेसासाठी. बहीण म्हणाली, "फेस तर आपल्या कळंबच्या किनाऱ्यालापण असतो." हे खरं होतं, म्हणूनच कुणी उत्तर दिलं नाही.

तिकिटं निघाल्यावर आईने तो प्रश्न विचारला, जो आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी सुचायला हवा होता. "पोरीला पोहता येतं का?"

येत नव्हतं. पश्चिमेच्या वसईत पूर्वी पोरं बावखलात, म्हणजे छोट्या तळ्यात, पोहायला शिकत. आमच्या बाजूला विहिरी होत्या आणि तुंगारेश्वरचे ओढे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून वरून ढकलून द्यायचे, हीच फी आणि हाच कोर्स. आई अशीच शिकली. भाचीने तिला समजावलं की सर्फिंगमध्ये फळी दोरीने पायाला बांधलेली असते, बुडायचा प्रश्न नाही. ही दोरी आली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी फळी सुटली की पोहत जाऊन आणावी लागे. आईला हे मुळीच पटलं नाही. "आमचा डबा पाठीला होता, तो वर ओढायचा. तुमची फळी पायाला. कुठल्या बाजूने वर याल?" भाचीने दुसऱ्या दिवशी स्विमिंग पूलमध्ये नाव घातलं.

फळीची चर्चा आमच्या गाळ्यातही पोचली. शेजारच्या गाळ्यात फायबर ग्लासचं काम चालतं, टाक्या, टब, असलं काही. मालकाने फळीचा फोटो मोठा करून पाहिला. "आत फोम, वर फायबरचं कापड, त्यावर रेझिन, मग घासकाम. हे तर रोजचंच आहे!" मी त्याला क्लार्क फोमची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा आतला फोम कॅलिफोर्नियातली ही एकच कंपनी पुरवायची आणि ५ डिसेंबर २००५ रोजी तिने अचानक कारखाना बंद केला. फळीवाले सैरभैर झाले. तो हळहळला. "तेव्हा कुणी सांगायला हवं होतं."

पण हळहळत बसणारा माणूस सातिवलीत गाळा चालवू शकत नाही. त्याने नऊ फुटी एक फळी बनवलीच, नारिंगी पट्ट्याची, चकचकीत. ती गाळ्याबाहेर वाळत असताना किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याने पाहिली आणि रोखीने उचलली. आता ती त्याच्या फाटकाशी उभी आहे. तिच्यावर वरून खाली 'एसी रूम, नॉन-एसी रूम, रेन डान्स, व्हेज-नॉनव्हेज' असं रंगवलंय. आणखी दोन फळ्यांची ऑर्डर आली आहे. त्या पाण्यात चालतील का, हे मी विचारलं तेव्हा शेजारी दचकला. "पाण्यात नाही टाकायच्या हां," तो म्हणाला, "अक्षरं जातील."